प्रीतीची पंचाईत

ज्वारी काढायला आली की ते आधी माझ्या हातांना कळतं. रानाकडं पाऊलही वळलेलं नसतं, पण सकाळी चुलीपुढं बसलं की तळव्यांना उगीचच खाज सुटते आणि मी ते पदराला घासत बसते. आमच्याकडं ज्वारी कापत नाहीत, मुळासकट उपटतात. धाटाला दोन्ही हातांनी धरायचं, कंबरेत वाकायचं आणि हिसका द्यायचा. काळ्या रानाला तोवर भेगा पडलेल्या असतात, आणि ते रान धाट सहजासहजी सोडत नाही. दोन दिवसांत हाताची सालपटं निघतात. तिसऱ्या दिवशी हातच म्हणतात, चला, आता काय व्हायचं ते होऊन गेलं.

सुगीचं कौतुक करणारी माणसं बहुतेक सुगीच्या वेळी रानात नसतात. त्यांना बांधावरचा पळस दिसतो, आंब्याचा मोहर दिसतो, कणसावर बसलेले पोपट दिसतात. मला मळणीची कूस दिसते, कणसांचा तो बारीक टोचरा भुसा, जी मानेवरून पोलक्यात जाते आणि दोन आंघोळी केल्या तरी निघत नाही. पत्र्याचं घर दिसतं, दुपारी तडतडणारं. ढग आला की गारांची भीती, ढग नसला की उन्हाची. मला हा हंगाम आवडत नाही, स्पष्टच सांगते. सगळ्या सुग्या येतात आणि जातात, पण त्यांतली एक माझ्या घरात शिरली ती अजून बाहेर पडलेली नाही. दरवर्षी ज्वारी पिवळी पडली की मी पुन्हा तिच्यातच जाऊन बसते.

आमचं गाव जळकोट आणि अणदूरच्या मधे, हायवेला चिकटून. हायवेच्या अलीकडं प्लॉट पडले, तेव्हा माझा नवरा प्रकाश आणि त्याचे मित्र मल्लिनाथअण्णा या दोघांनी शेजारी शेजारी जागा घेतली. घरं बांधताना मधली भिंत एकच घालायची ठरलं. तीसुद्धा चार इंची, म्हणजे एका विटेच्या रुंदीची. गवंडी म्हणाला, "आवाज येईल बरं का." अण्णा म्हणाले, "येऊ दे की. आपल्याला काय चोरून बोलायचंय?" त्यामुळं पलीकडं कुणी शिंकलं की इकडं आम्ही "जिवंत है का?" विचारायचो, आणि इकडं माझी भाकरी तव्यावर करपली की पलीकडून अण्णांची बायको ओरडायची, "रुता, उलट, उलट!"

ती महादेवी. मी तिला अक्का म्हणते. माझं नाव रूथ. पण आमच्या दहा-बारा ख्रिस्ती घरांच्या बाहेर ते नाव कुणाच्या जिभेवर बसलं नाही, अक्कानं त्याचं रुता केलं आणि तेच गावभर झालं. ते लिंगायत, आम्ही ख्रिस्ती. त्यांच्या घरात आपसात कानडी, आमच्यात मराठी, आणि भिंतीवरून चालायची ती दोन्हींची खिचडी. माझी दोन्ही लेकरं तिच्याच कडेवर वाढली. थोरला भूक लागली की कानडीत रडायचा.

येळवशीला, म्हणजे पौषाच्या तोंडाशी जी अमावस्या येते तिला, अण्णा आम्हाला हट्टानं रानात न्यायचे. उभ्या ज्वारीत पूजेसाठी कडब्याची कोपी, म्हणजे छोटी खोप, केलेली असायची. अण्णा डोक्याला पटका गुंडाळून सगळ्यांना आंबील वाढायचे, आणि माझा तांब्या भरताना दरवर्षी तेच विचारायचे, "रुताबाई, तुमचा देव रानात येतो का न्हाय? का निस्ता रविवारी बाकड्यावरच बसतो?" मी म्हणायची, "अण्णा, आंबील असली की येतो." ते इतक्या जोरात हसायचे की बांधावरची कुत्री भुंकायला लागायची. सुगी लागली की आमची सावड असायची. एक दिवस आम्ही त्यांच्या रानात, एक दिवस ते आमच्या. अक्का आणि मी शेजारच्या दोन ओळी धरायचो आणि तोंड एकदाही बंद न करता शेवटापर्यंत जायचो.

माझा धाकटा दीर दानियल एका व्यापाऱ्याचा टेम्पो चालवायचा. एके दिवशी तो ढाब्यावर पिऊन निघाला. दिवस मावळायला आला होता. गावाच्या वळणावर रस्त्याच्या कडेला अण्णा दुधाची किटली घेऊन उभे होते. टेम्पो रस्ता सोडून खाली उतरला. अण्णा जागीच गेले. याहून जास्त मला सांगता येत नाही, आणि सांगायचंही नाही.

दानियलला शिक्षा झाली. तो जेलमधे होता तेवढा काळ अक्कानं मला एका शब्दानं दुखवलं नाही. तिच्या घरी चूल पेटेना तेव्हा मी इकडून भाकरी थापून न्यायची, आणि ती माझ्याच हातून घास घ्यायची. तिचा मुलगा सोलापूरला नोकरीला, लेक सासरी. रात्री तिला एकटीला भ्यायला झालं तर भिंतीवर बोटानं ठोकायची, मीही ठोकायची. "तुझा काय दोष त्यात?" असं तीच मला म्हणायची. इतकी मोठ्या मनाची बाई मी दुसरी पाहिली नाही. पण प्रत्येकाच्या मनाला एक कडा असते, आणि तिच्या मनाची कडा कुठं होती ते मला पुढं सुगीत कळलं.

ज्वारी काढायच्या तोंडावर दानियल सुटून आला. प्रकाश तेव्हा पुण्यात एका कंपनीची गाडी चालवायचा, अजूनही चालवतो, महिन्यातून एकदा घरी येतो. लेकरं शिकायला सोलापुरात बोर्डिंगात. म्हणजे घरात मी एकटी. प्रकाशला फोन केला तर तो म्हणाला, "माझा भाऊ है. कुठं टाकू? आपण ख्रिस्ती माणसं हाव, रूथ. प्रीती केली पायजे." मी म्हटलं, "फोनवरून करायलायस तेवढी बास है का? भाकरी फोनवरून थापता येत न्हाय." त्यानं फोन ठेवला. दानियल आत आला, पायांतल्या चपला काढल्या, न्हाणीत जाऊन हातपाय धुतले आणि पाटावर बसला. जेवायच्या वेळेला माणूस पाटावर बसला तर त्याला काय म्हणायचं असतं? मी ताट ठेवलं.

फरशीवर ताटाचा आवाज झाला. माझ्या एकटीच्या घरात दुसरं ताट. थोड्या वेळानं अक्का दारात आली. आत आली नाही, उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली.

"त्याला जेवू घातलंस?"

"व्हय, अक्का."

"बरं," ती म्हणाली.

त्या एका 'बरं'नंतर ती माझ्याशी बोलायची थांबली. सावड मोडली. तिनं मजूर लावले. मी माझ्या रानात एकटी ओळ धरून उपटत राहिले, आणि बांधापलीकडं तिची माणसं काम करताना मला तिचा आवाज ऐकू यायचा. ती मजुरांशी बोलायची, म्हशीशी बोलायची. माझ्याशी नाही.

आता खरी पंचाईत सांगते. आमच्या शास्त्रात शब्द आहे 'प्रीती'. माझ्या माहेरी हा शब्द मी पाळण्यात असल्यापासून ऐकलाय, त्यामुळं तो बाहेर किती विचित्र वाटतो हे मला लग्नाचं वय होईपर्यंत कळलंच नव्हतं. बाहेरच्या जगात प्रीती सिनेमात होते, आणि तीही दोन गाणी झाल्यावर. आमच्या घरात मात्र देवावर प्रीती, शेजाऱ्यावर प्रीती, वैऱ्यावर प्रीती. गावात यासाठी माया हा शब्द आहे. वासराला गायीची माया लागते, लेकराला आजीची लागते. माया आपोआप लागते, तिला कुणी हुकूम देत नाही. प्रीती मात्र करायची असते, ती आज्ञा आहे. लागो न लागो, करा. मी लहानपणी आईला विचारलं होतं की, न आवडणाऱ्यावर प्रीती कशी करायची? आई म्हणाली, "भांडी तुला आवडतात का? घासतीसच ना?" त्या वेळी हे उत्तर मला फार हुशारीचं वाटलं होतं.

दानियल आला आणि मला कळलं की माणूस म्हणजे भांडं नव्हे. भांडं घासून पालथं घातलं की संपतं. हा माणूस आतल्या खोलीत कॉटवर भिंतीकडं तोंड करून पडलेला असायचा. उठायचा तो जेवायला. मोबाइलवर क्रिकेट बघायचा, हळू आवाजात. पायाची नखं काढून कॉटखाली लोटायचा. मी रानातून वाळलेल्या धाटासारखी होऊन यायची, चूल पेटवायची, आणि पहिला घास घेऊन तो म्हणायचा, "वैनी, मीठ कमी है."

मला त्याच्याकडून एकच गोष्ट पाहिजे होती. त्यानं रडावं. फार नाही, एकदा. अण्णांचं नाव घ्यावं, डोकं धरावं, 'माझ्या हातून काय झालं हे' एवढं म्हणावं. तेवढं केलं असतं तर मी त्याला मांडीवर घेऊन थोपटलं असतं, मीठ तर मीठ, साखरही घातली असती. पण तो रडला नाही. अक्का अंगणात आली, तिच्या बांगड्या वाजल्या, की तो मोबाइल बंद करून गप्प पडायचा. लाजेनं की भीतीनं, की कटकट नको म्हणून, कोण जाणे. मी विचारलं नाही.

दुसऱ्याचा न्याय करू नये असं आम्हाला शिकवलेलं. पण ताट वाढता वाढता माझ्या डोक्यात रोज कोर्ट भरायचं. वकील मीच, जज्जही मीच, आणि आरोपी समोर बसून भाकरी मोडतोय. रोज निकाल लागायचा आणि रोज संध्याकाळी खटला पुन्हा उभा राहायचा. याला हाकलून द्यावं तर हा जाणार कुठं, आणि नवऱ्याला तोंड काय दाखवू? ठेवून घ्यावं तर अक्का गेली. शेजाऱ्यावर प्रीती करावी तर कुठल्या शेजाऱ्यावर? भिंतीच्या त्या अंगाला ज्याचा माणूस गेला तो शेजारी, की या अंगाला ज्यानं नेला तो? दोघांत एका विटेचं अंतर होतं, आणि त्या विटेच्या जागी मी उभी होते. उन्हाचा तडाखा इतका की दुपारी दार उघडवत नव्हतं. उघडलं तरी जायला जागा नव्हती.

ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस चालले होते. पाळकसाहेब, म्हणजे आमच्या मंडळीचे धर्मगुरू, सोलापूरहून भेटी द्यायला यायचे. चांगला माणूस, अंगानं भरलेला, बोलणं साखरेसारखं. मी सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "बाई, खरी प्रीती अट घालत नाही."

"मग साहेब, दोन दिवस तुमच्या बंगल्यात घेऊन जा की त्याला," मी म्हणाले. "माझीबी प्रीती जरा इसावा घेईल."

त्यांना ठसका लागला. चहाची बशी खाली ठेवून ते जरा वेळ खोकत राहिले. मग मात्र त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती कामाची निघाली आणि तिनंच मला खड्ड्यात घातलं. ते म्हणाले, "नाव घेऊन प्रार्थना करा, आणि मोठ्यानं करा. मनातल्या मनात केली की मन पळवाट काढतं. जे जड जातं ते आधी घ्या."

म्हणून मी दिवेलागणीला चुलीजवळ गुडघे टेकून मोठ्यानं प्रार्थना करायला लागले. "प्रभू, दानियलवर प्रीती करायला मला शिकव. माझ्याच्यानं होत न्हाय. अक्कावर प्रीती करायला शिकव. ती बोलंना झाली तरी माझ्या मनात तिच्याबद्दल कडू येऊ देऊ नको." रोज तेच. रोज त्याच भिंतीशेजारी.

एके दिवशी समोरची सुमन विरजण मागायला आली. दारात आली तेव्हा माझे डोळे मिटलेले होते. ती विरजण न घेताच परत गेली. तिनं काय ऐकलं ते मला दोन दिवसांनी कळलं. 'दानियलवर प्रीती करायला मला शिकव.' नवरा पुण्याला, लेकरं बोर्डिंगात, घरात तरणा दीर, आणि बाई हात जोडून देवाकडं काय मागते तर ही. आता सांगा, सुमनचा तरी काय दोष?

गिरणीवर गेले तर बायका बोलता बोलता थांबल्या. एकीनं पदर तोंडाला लावला. दुसरीनं फार गोड आवाजात विचारलं, "वैनी, दिरावर लई प्रीती है म्हणं तुमची?" मी म्हणाले, "अगं, तशी नव्हं. आमच्यात त्याला..." आणि तिथंच अडकले. प्रीती तशी नव्हे, मग कशी? जितकं सांगत गेले तितक्या त्या हसत गेल्या. शेवटी मी डबा तसाच उचलून घरी आले आणि दाराला आतून कडी लावली. मग लक्षात आलं की आत दानियल आहे. कडी लावलेल्या घरात मी आणि तो. धावत जाऊन कडी काढली, दार सताड उघडं टाकलं आणि उंबऱ्यात बसून राहिले. उन्हाची झळ तोंडावर येत होती, तरी आत जायची छाती होईना.

त्या रात्री प्रकाशचा फोन आला. गावातून कुणीतरी पुण्यापर्यंत पोचवलं होतं. तो स्वतः त्याच मंडळीत वाढलेला, त्याच बाकड्यावर बसलेला. प्रीती म्हणजे काय हे त्याला मी सांगायला पाहिजे होतं का? पण बोलायच्या आधी तो एक क्षण थांबला. मग म्हणाला, "मोठ्यानं कशाला करतीस प्रार्थना?" गावाचं हसणं मी सोसलं असतं, पण त्याचं ते थांबणं मला फार लागलं. अजून लागतं.

आता मी सगळीकडून कोंडले होते. दानियलला घालवलं तर लोक म्हणणार, बोभाटा झाला म्हणून घालवला. ठेवला तर म्हणणार, बघा. प्रार्थना बंद केली तर मनात पाप होतं म्हणून बंद केली, चालू ठेवली तर काय निर्लज्ज बाई आहे. देवाशी बोलायलासुद्धा मला जागा उरली नव्हती. मी रानात जाऊन उपटत राहायची, कणसं खुडायची, पेंढ्या बांधायची, आणि अंधार पडायच्या आत परत यायची, कारण उशीर झाला तर त्याचंही काहीतरी होणार. एक गोष्ट मात्र सोडली नाही. दिवेलागणीला गुडघे टेकले आणि मोठ्यानंच बोलले. धीटपणानं नव्हे. दुसरं काही हातात नव्हतं म्हणून.

नवी ज्वारी घरात आली आणि पुन्हा गिरणीवर जाणं आलं. उपाशी किती दिवस राहणार? गेले तर वीज गेलेली. बायका आपापल्या डब्यावर बसून वाट बघत होत्या. मी कडेला उभी राहिले. कुणी सरकून जागा दिली नाही. तेवढ्यात अक्का आली, डोक्यावर डबा. तिला मात्र तिघींनी जागा केली. ती बसली. माझ्याकडं तिनं पाहिलं नाही.

सुमनला राहवेना. "अक्का, तुमच्या भिंतीला भिंत है," ती म्हणाली. "आमी म्हणतो ते खोटं असल तर तुमी सांगा. तुमच्या कानावर येतच असल की."

अक्काच्या एका शब्दावर माझं सगळं होतं. तिनं नुसतं 'काय की बाई' म्हणून मान फिरवली असती, तरी मला या गावात तोंड दाखवता आलं नसतं. आणि तिनं तसं का करू नये? तिचा माणूस मारणाऱ्याला मी रोज ताट वाढत होते.

"ऐकते की," अक्का म्हणाली. "रोज ऐकते."



"आधी दिराचं नाव घेती, मग माझं घेती. त्याच्यावर बी प्रीती मागती आणि माझ्यावर बी प्रीतीच मागती. मग काय, मी तिचा यार है का गं, सुमे?"

एक क्षण कुणाला कळेना. मग कोपऱ्यातली म्हातारी फिस्सकन हसली, आणि तिच्यामागं सगळ्या. सुमनसुद्धा हसली. अक्का एकटी हसली नाही.

"त्यांच्या देवाघरची बोली है ती," ती म्हणाली. "आपण माया म्हणतो."

"मग तुमाला चालतं व्हय, त्या माणसासाठी मागितलेलं?" सुमननं विचारलं.

"मला न्हाय चालत," अक्का म्हणाली. "ते माझं मी बघीन. तुमी तुमचं दळा."

तेवढ्यात वीज आली, पट्टा फिरायला लागला आणि बोलणं पिठाच्या आवाजात बुडालं. माझं दळण झाल्यावर मी तिच्या मागोमाग घरी निघाले. बरोबरीनं चालायची हिंमत नव्हती. ती आपल्या दारापाशी पोचली, डबा खाली ठेवला आणि वळली. इतक्या दिवसांनी ती माझ्या तोंडाकडं बघत होती.

"रोज त्याचं नाव आधी घेतीस," ती म्हणाली. "माझं मागून."

"अक्का, तसं काय न्हाय..."

"तसं न्हाय तर कसं? माझा माणूस गेला, रुता." तिचा आवाज चढला नाही, पण हनुवटी हलत होती. "आधी माझं घेत जा."

एवढं बोलून ती आत गेली. मी दारातच खाली बसले आणि रडले. दानियलनं रडावं म्हणून मी सुगीभर वाट बघत होते, आणि रडले मीच. पाळकसाहेबांनी सांगितलं होतं, जड ते आधी. मी आपली जड काम पुढं घेऊन उरकत होते, आणि भिंतीपलीकडं एक बाई रोज संध्याकाळी हातातलं काम थांबवून ऐकत होती की आपल्या नवऱ्याला मारणाऱ्याचं नाव देवापुढं आधी जातं. तिनं मला 'त्याच्यासाठी मागू नको' म्हटलं नव्हतं, हे तर मला फार नंतर लक्षात आलं. तिनं फक्त क्रम बदलायला सांगितला होता.

त्या दिवसापासून मी तिचं नाव आधी घेते. पुढच्या वर्षी सावड पुन्हा सुरू झाली, कुणी काही न बोलता. ती माझ्या शेजारची ओळ धरते. आम्ही बोलतो, पूर्वीइतकं नाही. येळवशीला ती मला बोलावते. कोपी केलेली असते, आंबील असते, वाढायला तिचा मुलगा असतो. दानियलचं नाव आमच्यात निघत नाही. तो तिच्या अंगणापुढून जाताना ती घरात जाते, आणि तिनं जावंच असं मला वाटतं.

तो अजून इथंच आहे. दोन शेळ्या राखतो. संध्याकाळी त्यांना घेऊन बांधापर्यंत जातो आणि येतो. प्रकाश अजून पुण्यातून प्रीती करतो. आणि मी? मला दानियलची माया लागली का? नाही. लोकांना वाटतं की इतकी वर्षं एखाद्याला वाढलं की काहीतरी लागतंच. मला त्याच्या नखांचा अजून राग येतो. मीठ मी मुद्दाम वाढवत नाही आणि मुद्दाम कमीही करत नाही, एवढीच माझी प्रगती. कधीकधी वाटतं, हे सगळं खोटं चाललंय. ज्याच्याबद्दल आत काही हलत नाही त्याचं नाव रोज देवापुढं घ्यायचं, याला काय अर्थ आहे? मग ज्वारी पिवळी पडते, तळव्यांना खाज सुटते, आणि मी पुन्हा त्याच घरात, त्याच भिंतीशेजारी, त्याच दोन माणसांच्या मधे असते. सुटका नाही. सुटका असावी असं आता रोज वाटत नाही, पण सुगीत वाटतं.

परवा आम्ही जेवायला बसलो होतो. दिवस अजून मावळला नव्हता. हायवेवर कुठंतरी अपघात झाल्याचं दानियलनं मोबाइलवर पाहिलं आणि मला दाखवलं. मी मान फिरवली. तो भाकरी मोडत म्हणाला, "सगळे गाडीवाल्याचाच दोष काढत्यात. माणसंच मधे येत्यात."

इतक्या वर्षांत त्या गोष्टीबद्दल तो बोललेला हा पहिला शब्द. पलीकडं अक्का भाकरी थापत होती, थाप थाप थाप, आणि तो आवाज मधेच थांबला. तिनं ऐकलं होतं. दानियलनं ताटात पाणी ओतून हात धुतले आणि तो शेळ्यांकडं गेला. पलीकडचा आवाज पुन्हा सुरू झाला नाही.

दिवेलागण झाली. मी गुडघे टेकले. अक्काचं नाव घेतलं, तिच्या दुखऱ्या गुडघ्यांसाठी मागितलं, सोलापुरातल्या तिच्या मुलासाठी मागितलं, तिला रात्री झोप लागावी म्हणून मागितलं. जेवढं आठवेल तेवढं मागत राहिले. मग दुसऱ्या नावाशी आले आणि तोंड मिटलं. प्रयत्न केला असं म्हणणार नाही. मला घ्यायचंच नव्हतं. मनात म्हटलं, बास, झाली तेवढी प्रीती पुष्कळ झाली, आता माझ्या तोंडून हे नाव निघणार नाही. देवाला पाहिजे असेल तर त्याचं तो बघेल. आणि मी आमेन म्हणायला श्वास घेतला.

"रुता," भिंतीपलीकडून अक्काचा आवाज आला. अगदी जवळून, भिंतीला टेकून बसली असावी. "एक नाव ऱ्हायलं."